नावाड्यांसाठी कोरलेला बुद्ध
चीनमधील लेशान आणि एमेई पर्वताचा प्रवास

चायनीजच्या गाडीवर ‘शेजवान राइस’ खाल्ला नाही असा तरुण आपल्या वस्तीत शोधूनही सापडायचा नाही. पण ‘शेजवान’ म्हणजे काय, हे किती जणांना ठाऊक असेल? ते चीनमधील एका प्रांताचे नाव आहे – सिचुआन. गाडीवरची लाल चटणी आपल्या इकडच्या स्वयंपाक्यांनी तयार केली, नाव मात्र त्या दूरच्या मुलखाचे दिले.

या सिचुआनशी आपले नाते चटणीपुरते नाही. चेंगदू ही या प्रांताची राजधानी. याच शहरात इ. स. ६२२ मध्ये वीस वर्षांच्या एका तरुणाने भिक्खू म्हणून उपसंपदा घेतली. तो तरुण म्हणजे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला ह्युएन त्संग. पुढे वाळवंटे आणि बर्फाचे डोंगर ओलांडून तो भारतात आला, नालंदा विद्यापीठात शिकला आणि इ. स. ६४१ च्या सुमारास पुलकेशी राजाच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसे साधी, पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सहन करीत नाहीत, अशा आशयाची नोंद त्याने करून ठेवली. तथागतांच्या भूमीचे दर्शन घ्यायला तो पायी आला. आज आपल्यातली काही माणसे उलट दिशेने निघतात, त्याच्या भूमीत धम्म कसा रुजला ते पाहायला.

आमचा अकरा जणांचा गट असाच निघाला. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणी महापालिकेतून, एक परिचारिका, दोन शिक्षक. पैसे तीन वर्षे भिशीत साठवलेले. पाहायचे ठिकाण एकच ठरले होते, एमेई पर्वत आणि लेशानचा महाबुद्ध. युनेस्कोने १९९६ साली या दोन्हींची मिळून जागतिक वारसा म्हणून नोंद केली. विशेष म्हणजे ही नोंद दुहेरी आहे, संस्कृतीसाठीही आणि निसर्गासाठीही. जगात असा दुहेरी मान मिळालेली ठिकाणे मोजकीच आहेत. आपल्या देशात तो २०१६ साली सिक्कीममधील कांचनगंगा राष्ट्रीय उद्यानाला मिळाला.

तीन नद्यांच्या संगमावर

चेंगदूहून वेगवान रेल्वेने तासाभरात लेशान गाठता येते. गावाच्या कडेला मिन, दादू आणि छिंगयी या तीन नद्या एकमेकींना भेटतात. संगमासमोर लाल वालुकाश्माचा उभा कडा आहे आणि या कड्यातच बसलेल्या स्थितीतला मैत्रेय बुद्ध कोरला आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय खाली सोडलेले, नजर समोरच्या पाण्यावर.

उंची ७१ मीटर. म्हणजे बावीस-तेवीस मजल्यांचा टॉवर समजा. नुसता कान सात मीटरचा आणि पाऊल साडेआठ मीटर रुंद. एका पावलावर शंभर माणसे बसतील असे तिथे सांगतात. डोक्यावरच्या केसांच्या कुरळ्या गाठी हजाराहून अधिक. अफगाणिस्तानातील बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ साली तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. त्यांतली मोठी मूर्ती ५५ मीटरची होती. डोंगरात कोरलेल्या बुद्धमूर्तींमध्ये लेशानची मूर्ती जगात सर्वांत उंच आहे.

ती दोन प्रकारे पाहता येते. एक बोटीतून. बोट संगमात जाते आणि मूर्तीसमोर थोडा वेळ थांबते. तेव्हा एका दृष्टिक्षेपात सगळी मूर्ती दिसते. दुसरा मार्ग कड्यात खोदलेल्या पायऱ्यांचा. मूर्तीच्या मस्तकापासून तो नऊ वळणे घेत पायापर्यंत उतरतो. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी ही वाट अरुंद आहे. आम्ही आधी बोटीतून पाहिले आणि मग पायऱ्या उतरलो. बोटीतून मूर्ती भव्य वाटते. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की मान दुखते आणि बोलणे थांबते.

हायतोंग भिक्खूचे काम

एवढी मोठी मूर्ती कशासाठी? राजाच्या कीर्तीसाठी? विजयाची आठवण म्हणून? तसे काही नाही. हे काम सुरू झाले ते नावाड्यांसाठी.

त्या काळी तीन नद्यांचा हा संगम म्हणजे मृत्यूचा सापळा होता. पावसाळ्यात पाणी कड्यावर आदळायचे, भोवरे पडायचे आणि मालाने भरलेल्या नावा फुटायच्या. बुडणारे कोण? मालाचे मालक नव्हेत. वल्ही मारणारे, दोर ओढणारे, पोटासाठी नदीवर राबणारे लोक. कड्यावरच्या लिंगयुन विहारात हायतोंग नावाचे एक भिक्खू राहत. रोजची ही मरणे त्यांना पाहवेनात. येथे बुद्धाची मूर्ती उभारली तर पाणी शांत होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. निधीसाठी ते दूरदूर हिंडले आणि इ. स. ७१३ मध्ये काम सुरू झाले.

त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. पैसा जमला आहे असे कळताच स्थानिक अधिकारी वाटा मागायला आला. भिक्खू म्हणाले, ‘माझा डोळा काढून देईन, पण लोकांचा हा पैसा देणार नाही.’ अधिकाऱ्याने दरडावले तेव्हा त्यांनी खरोखरच स्वतःचा डोळा काढून ताटात ठेवला आणि अधिकारी घाबरून पळाला. कथा जशीच्या तशी घडली असेल किंवा नसेल. लोकांच्या वर्गणीचा पैसा कसा सांभाळावा, हे मात्र ती बाराशे वर्षे सांगत आली आहे. आपल्या विहार समित्यांनी आणि जयंती मंडळांनी ही कथा जरूर ध्यानात ठेवावी!

मूर्ती पूर्ण झालेली पाहणे हायतोंगांच्या नशिबी नव्हते. त्यांच्यानंतर काम थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. शेवटी वेई गाओ या प्रांताधिपतीने स्वतःच्या पगारातून पैसा घालून ते तडीस नेले. तेव्हा साल होते ८०३. म्हणजे एकूण नव्वद वर्षे. आजोबांनी छिन्नी धरली, नातवाने शेवटचा घाव घातला.

आता पाणी शांत झाले का? तिथे असे सांगतात की, नव्वद वर्षे कड्याचा फोडलेला दगड खाली नदीत पडत राहिला, त्याने पात्रातले खळगे भरले आणि प्रवाहाचा जोर कमी झाला. म्हणजे चमत्काराने नव्हे, तर माणसांनी फोडलेल्या दगडाने. श्रद्धेने कामाला सुरुवात केली असेल, पण नावाड्यांना वाचवले ते हातांनी.

मूर्तीच्या आतले पाणी

वालुकाश्म हा मऊ दगड. सिचुआनमध्ये धुके आणि पाऊस बारमाही. मग एवढी मूर्ती बाराशे वर्षे टिकली कशी? याचे उत्तर समोरून दिसत नाही. ते मूर्तीच्या केसांत, कानांमागे आणि चिवराच्या चुण्यांमध्ये लपवलेले आहे.

केसांच्या गाठींच्या एकावर एक अठरा रांगा आहेत. त्यांपैकी चौथ्या, नवव्या आणि अठराव्या रांगेत आडवे पन्हळ खोदले आहेत. डोक्यावर पडलेले पाणी त्यांतून बाजूला वाहून जाते. गळ्याजवळच्या चिवराच्या घड्या शोभेच्या वाटतात, पण त्याही पाणी काढून देण्यासाठी आहेत. कानांच्या आणि खांद्यांच्या मागे पाणी झिरपून जाण्यासाठी पोकळ्या ठेवल्या आहेत. खालून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर गटारे, नळ आणि पन्हळ दुरुस्त केले, त्या आमच्या गटातल्या महापालिकेच्या काकांनी मात्र गाइडला त्याबद्दलच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. शेवटी ते म्हणाले, “पाण्याला वाट दिली की ते दगडाला त्रास देत नाही. घराचेही असेच असते.”

पूर्वी या मूर्तीवर अनेक मजली लाकडी मंडप होता. पुढच्या शतकांतील युद्धांच्या धामधुमीत तो नष्ट झाला आणि मूर्ती उघड्यावर आली. आधुनिक काळात आणखी एक शत्रू आला. कोळशाचा धूर आणि त्यामुळे पडणारा आम्लाचा पाऊस. चेहऱ्यावर काळे ओघळ उमटले, दगड झडू लागला. वेळोवेळी डागडुजी होत आली आहे. ऑक्टोबर २०१८ पासून जवळजवळ सहा महिने मूर्ती लोकांसाठी बंद ठेवून तपासणी आणि दुरुस्ती केली गेली. एप्रिल २०१९ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

नंतरच्या काही वर्षांत नदीने दोन टोके दाखवली. १८ ऑगस्ट २०२० रोजी मोठा पूर आला आणि पाणी मूर्तीच्या पायाच्या बोटांना लागले. १९४९ नंतर असे प्रथमच घडले. दोनच वर्षांनी, २०२२ च्या उन्हाळ्यात, एवढा भीषण दुष्काळ पडला की ऐन पुराच्या दिवसांत पायाखालचे जोते कोरडे ठणठणीत पडले. आधी पूर, मग दुष्काळ. निसर्गाचे गणित बिघडत चालले आहे, हे सांगायला यापेक्षा मोठा साक्षीदार कुठून आणायचा?

येथे बाबासाहेबांची आठवण आल्यावाचून राहत नाही. मजूरमंत्री असताना त्यांनी देशातील नद्यांच्या प्रश्नात स्वतः लक्ष घातले होते. १९४५ साली कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. जादा पाणी हा शाप नाही, माणसाचे हाल होतात ते पाण्याच्या अभावाने अधिक, असे त्यांनी तेथे मांडले. पाणी साठवा, वळवा, त्याचा उपयोग करा, हा त्यांचा आग्रह होता. नदीला नवस बोलायचा की नदीचा अभ्यास करायचा, हा प्रश्न लेशानलाही होता आणि आपल्यालाही आहे.

मावशींचा प्रश्न

पायऱ्या उतरून आम्ही मूर्तीच्या पावलाजवळ बसलो होतो. आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर मावशी वर पाहत म्हणाल्या, “भिक्खूंचं नाव कळलं, अधिकाऱ्याचं नाव कळलं. पण छिन्नी मारणाऱ्यांची नावं कुठं हायत, ते विचार की तिला.”

गाइड मुलगी जेमतेम पंचविशीची होती. प्रश्न समजावून दिल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, वेई गाओने कड्यावर कोरून ठेवलेला लेख आहे, पण तो काम पुरे करणाऱ्यांचा इतिहास सांगतो. दगड फोडणाऱ्यांची नावे कुणाला माहीत नाहीत.

मावशींचे यजमान नाक्यावर उभे राहून मजुरी करायचे. त्यांनी बांधलेल्या इमारतींवरही त्यांचे नाव नाही. मावशी एवढेच म्हणाल्या, “मग हात जोडताना त्यांनाबी जोडायचे.” आम्ही सर्वांनी तेथे त्रिशरण म्हटले. शेजारी चिनी कुटुंबे उदबत्त्यांचे जुडगे पेटवून काहीबाही मागत होती. कुणाचा अवमान करायचा नाही. त्यांची परंपरा त्यांची आहे. पण आपण मागायला नव्हे, शिकायला आलो आहोत, एवढे भान ठेवले.

सदतीस सेंटिमीटरचा बुद्ध

मोठी मूर्ती पाहून बहुतेक प्रवासी परत फिरतात. त्यांनी जवळच्याच माहाओ येथील थडग्यांच्या गुहा चुकवू नयेत. मेलेल्यांना पुरण्यासाठी कड्यात खोदलेल्या या खोल्या पूर्व हान राजवटीच्या काळातल्या आहेत, म्हणजे इ. स. २५ ते २२० या दरम्यानच्या. त्यांतील एका खोलीच्या दाराच्या वर बुद्धाची बसलेली छोटी प्रतिमा कोरली आहे. उंची अवघी ३७ सेंटिमीटर, साधारण दीड वीत. मस्तकामागे प्रभावलय आहे आणि उजवा हात अभय देण्यासाठी वर उचललेला आहे. चीनमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या बुद्धप्रतिमांमध्ये तिची गणना होते.

विचार करा. कुण्या अनामिक कारागिराने भारतातून आलेल्या या नव्या शिकवणीविषयी ऐकले आणि दारावर एक छोटी आकृती कोरली. त्यानंतर पाचशे वर्षांनी त्याच नदीकाठी ७१ मीटरचा बुद्ध कोरायला घेतला गेला. धम्म तलवारीने नाही पसरला. तो व्यापाऱ्यांच्या नावांतून, भिक्खूंच्या पायांनी आणि कारागिरांच्या हातांनी पसरला. आपल्या वस्तीतले छोटे पत्र्याचे विहार पाहून ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी हा सदतीस सेंटिमीटरचा बुद्ध आठवावा.

एका अक्षराला एक झाड

लेशानहून एमेई पर्वत जवळच आहे. सर्वांत उंच शिखर ३,०९९ मीटर. पायथ्याशी उकाडा, सदाहरित दाट झाडी, केळी-बांबूसारखी हिरवाई. वर जावे तसे झाडांचे रूप बदलते आणि शिखरावर बर्फाळ प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष लागतात. वनस्पतींच्या सुमारे ३,२०० जाती या एका पर्वतावर आहेत. काही वृक्ष हजार वर्षांहून जुने आहेत.

एवढे जंगल कसे टिकले? एक कारण म्हणजे विहार. या पर्वतावर शतकानुशतके भिक्खू राहत आले आणि विहाराच्या आसपासची झाडे तोडू नयेत हा तेथला दंडक. मिंग राजवटीतील, सोळाव्या शतकातील एका भिक्खूंची हकिकत तेथे सांगतात. त्यांनी सद्धर्मपुंडरीक सूत्र समोर ठेवले. सूत्रातील एक अक्षर म्हणायचे, एक रोप लावायचे आणि एकदा वंदन करायचे. असे करीत जवळजवळ सत्तर हजार झाडे लावली. त्या जुन्या राईचा काही भाग अजून उभा आहे. झाडांची जात नानमू, सरळ आणि उंच वाढणारी. सूत्रपठण आपणही करतो. पण पठण करता करता डोंगर हिरवा करावा, ही कल्पना किती सुंदर! बुद्धपौर्णिमेला प्रत्येक घराने एक गाथा म्हणून एक रोप लावले आणि वर्षभर जगवले, तर आपल्या वस्त्यांचे रूप बदलून जाईल.

वाटेवर माकडांच्या टोळ्या असतात. ही तिबेटी माकडे अंगाने थोराड, शेपटी आखूड. पूर्वापार प्रवासी त्यांना खायला घालत आले, त्यामुळे ती सोकावली आहेत. पिशव्या ओढतात, चष्मे पळवतात. आमच्या शिक्षक ताईंची बिस्किटांची पिशवी एका दांडग्या माकडाने दिवसाढवळ्या नेली. दोष माकडाचा नव्हे, खायला घालणाऱ्यांचा आहे. जंगली जनावराला भिकारी बनवणे ही करुणा नव्हे.

पर्वतावर आणखी एक दृश्य दिसते. वयस्कर प्रवाशांना वर नेण्यासाठी बांबूच्या डोल्या असतात. पुढे एक आणि मागे एक माणूस, मध्ये खुर्ची. मावशींचे गुडघे दुखत होते. सर्वांनी आग्रह केला. त्या काही बसेनात. म्हणाल्या, “मान्साच्या खांद्यावर बसून बुद्धाकडं जायाचं?” डोलीवाल्यांपैकी एक जण पन्नाशीचा होता. त्याने गाइडकरवी सांगितले, मला काम हवे आहे, दया नको. हा पेच मोठा होता. बसावे तर मन खाते, न बसावे तर त्याचा रोज बुडतो. शेवटी मावशींनी आपली आणि आणखी दोघींची जड बोचकी त्यांच्याकडे दिली, ठरलेली पूर्ण मजुरी दिली आणि स्वतः काठी टेकत, थांबत थांबत चालल्या. वर पोहोचल्यावर त्यांनी त्या दोघांना आपल्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीची चव दाखवली. तिखट खाणाऱ्या सिचुआनच्या माणसांना ती फार आवडली!

काशाचा हत्ती, ढगातले कडे

पर्वताच्या मध्यावर वाननियान विहार आहे. तेथे सहा दातांच्या पांढऱ्या हत्तीवर बसलेल्या समंतभद्र बोधिसत्त्वाची काशाची मूर्ती आहे. इ. स. ९८० मध्ये ती ओतली. उंची सात मीटरहून अधिक, वजन ६२ टन. ती ज्या विटांच्या घुमटी दालनात आहे, त्यात लाकडाची एकही तुळई नाही. म्हणूनच १९४६ च्या आगीत बाकीचा विहार जळाला, पण हे दालन आणि मूर्ती वाचली. महामायेच्या स्वप्नातला पांढरा हत्ती आपल्या मुलांना ठाऊक आहे. तो हत्ती हजारो मैल चालत येथवर येऊन उभा आहे, हे पाहून छाती भरून येते.

सर्वांत वरच्या भागाला सुवर्णशिखर म्हणतात. उंची ३,००० मीटरहून अधिक. येथील जुने मंदिर १९७२ साली आगीत भस्मसात झाले, नंतर नवे बांधले. दहा तोंडांची ४८ मीटर उंच सोनेरी मूर्ती २००६ साली उभी राहिली. पण लोक खरी गर्दी करतात ती ‘बुद्धप्रकाश’ दिसावा म्हणून.

काय असतो हा बुद्धप्रकाश? सूर्य पाठीमागे आणि कड्याखाली ढग असले, की त्या ढगांवर आपली सावली पडते. त्या सावलीच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात. गंमत अशी की, शेजारी दहा माणसे उभी असली तरी प्रत्येकाला कडे दिसते ते फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती. पूर्वी लोकांना वाटे, बुद्ध आपल्याला बोलावतो आहे. त्या कड्याचे जुने नावच देह अर्पण करण्याचा कडा असे आहे. या समजुतीपायी काही भाविकांनी तेथून खाली उड्या घेतल्या असे सांगतात.

हा चमत्कार नाही. ढगातील पाण्याच्या बारीक थेंबांवर पडलेला सूर्यप्रकाश वाकून, विखरून पुन्हा आपल्याच डोळ्यांकडे परत येतो, म्हणून ही कडी दिसतात. विमानातून प्रवास करणाऱ्यांना ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती तीच दिसतात. आणि त्यासाठी चीनला जायची गरज नाही. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्याच्या दिवसांत हेच दृश्य दिसते. आपले लोक त्याला इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आहे. तेथे इंद्राचे वज्र झाले, येथे बुद्धाचा प्रकाश झाला. निसर्ग एकच, नावे माणसांनी दिली.

आम्हाला ते काही दिसले नाही. आम्ही ढगांच्या आतच होतो. कुणी हळहळले, पण रेल्वेतले काका म्हणाले, “अत्त दीप भव म्हणतो ना आपण? मग बाहेरचा प्रकाश नाही दिसला, तर काय बिघडलं?” तथागतांनी कुणाला कड्यावरून उडी घ्यायला सांगितले नव्हते. डोळे उघडे ठेवायला सांगितले होते.

आपल्या दारातले लेणे

हे सर्व वाचून कुणी म्हणेल, एवढा पैसा आमच्याकडे कुठला? प्रश्न रास्त आहे. म्हणून मुंबई-ठाण्याच्या वाचकांना एक सांगावेसे वाटते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. तेथेही जंगल आणि धम्म एकत्र नांदतात. एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. दगडात खोदलेले पाट आणि लेण्यालेण्याजवळची टाकी पाहा. पावसाचा थेंब कसा अडवायचा आणि वर्षभर कसा पुरवायचा, हे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना नेमके कळले होते. लेशानला पाणी बाहेर काढायची विद्या दिसते, कान्हेरीला पाणी साठवायची.

आणि मावशींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही कान्हेरीतच आहे. तेथील शिलालेखांत कुणी टाके दिले, कुणी वाट बांधून दिली याच्या नोंदी आहेत. त्यांत राजे आणि व्यापारी आहेत, तसेच कल्याणचे सोनार आणि लोहारही आहेत. कष्टकऱ्याचे नाव दगडावर कोरून ठेवणारी ही परंपरा आपली आहे.

पण त्याच टाक्यांमध्ये आज प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात, भिंतींवर बदाम आणि नावे कोरलेली दिसतात. लेशानला सहा महिने दार बंद ठेवून मूर्तीचा एकेक तडा तपासला गेला. आपण सहलीहून परतताना निदान आपला कचरा तरी पिशवीत घालून आणू या. मुलांना लेणी दाखवताना नुसते ‘हात जोड’ म्हणू नका. पाणी कुठून येते, कुठे जाते, हे दगड कुणी फोडले, हेही विचारायला शिकवा. बाराशे वर्षांची मूर्ती असो वा आपल्या गल्लीतले विहार, ते एकदा बांधून टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्याची पन्हळ साफ ठेवावी लागते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

१. मे महिन्याचा पहिला आठवडा, ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाचे दिवस टाळा. सुट्ट्यांमुळे पायऱ्यांवर तासन्‌तास रांग लागते.

२. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी लेशानची मूर्ती बोटीतून पाहावी. त्यातूनही पूर्ण दर्शन होते.

३. एमेईला पायथ्याहून बस बऱ्याच उंचीपर्यंत जाते. पुढे थोडे चालून रोपवेने सुवर्णशिखर गाठता येते. दमा आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच वर जावे.

४. शिखरावर पायथ्यापेक्षा खूपच थंडी असते. स्वेटर, कानटोपी आणि छत्री सोबत ठेवा.

५. विहारांमध्ये शाकाहारी जेवण मिळते. बाहेर जेवताना तिखट कमी घालायला आधीच सांगा. तिथल्या मिऱ्यांनी जिभेला मुंग्या येतात!

६. माकडांसमोर पिशवी उघडू नका आणि त्यांना काहीही खायला घालू नका.